सोयाबीनच्या भावानं जग

वर्ल्ड टूरचं बजेट कसं करायचं असं सर्च केलं की पहिल्या झटक्यात एकच आकडा पुढं येतो, दिवसाला पन्नास डॉलर. फोटोत कुणीतरी गोरा पोरगा नाहीतर पोरगी, पाठीवर सॅक, मागं डोंगर, आणि खाली सगळ्या जगासाठी हे एकच उत्तर. पन्नास गुणिले तीनशे पासष्ट म्हणजे १८,२५० डॉलर, डॉलर नव्वदच्या घरात धरला तर सोळा-साडेसोळा लाख रुपये. मी हे एक्सेलमध्ये टाकत होते तेव्हा आण्णा, म्हणजे माझे वडील, मागं उभे राहून बघत होते, त्यांनी चष्मा जरा वर सरकवला आणि विचारलं, "क्विंटल किती झाले?"

आमच्या घरी मोठी रक्कम सोयाबीनमध्येच मोजतात. लातूरचं मार्केट जवळ, दुसरं काय मोजणार. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये, त्यानं भागलं तर तीनशे आठ क्विंटल. आमच्याकडं कोरडवाहूला एकरी सात क्विंटल उतारा पडला तर ते वर्ष बरं गेलं म्हणायचं, म्हणजे हे चव्वेचाळीस एकराचं पीक झालं आणि आमचं शेत आहे नऊ एकर. "आन् हमीभाव कुणाला मिळायलाय गं माय? आडतीवर काय चाललंय ते धर. आन् बी, फवारनी, काढनी, मळनी, हमाली, हे वजा कर की आधी." ते सगळं वजा केल्यावर चव्वेचाळीस एकराचं शंभर एकर कधी झालं ते समजलंच नाही. आण्णा नको म्हणाले नाहीत हां. ते सरळ नको कधीच म्हणत नाहीत, फक्त भागाकार करतात.

पण त्या भागाकारामुळं एक झालं, मी तो पन्नास डॉलरचा आकडाच नीट बघायला लागले की हा आहे कुणाचा. आणि जितकं बघितलं तितकं वाटायला लागलं की आपल्यासाठी वर्षभराचं एकच बजेट करणं हेच मुळात चुकीचं गणित आहे. पैसे कमी पडतात म्हणून नाही, ते तर पडतातच, पण आपला पासपोर्ट, आपला इन्शुरन्स, आपली कमाई आणि आपलं घर, यातलं काहीच वर्षभर सलग चालत नाही. आपलं जग तुकड्यातुकड्यानंच बघून होतं, त्यामुळं बजेटसुद्धा तुकड्याचंच करावं. हे मी अर्धं जग फिरून आल्यासारखं सांगतेय असं वाटेल, तसं नाही, नेपाळ, व्हिएतनाम-कंबोडिया, आणि मध्य आशियाचा एक कोपरा एवढंच झालंय आत्तापर्यंत. बाकीचं शीटमध्ये आहे.

आधी रोजचा खर्च. पन्नास डॉलर हा सरासरीचा आकडा आहे आणि सरासरीत कुणीच राहत नाही. हनोईच्या ओल्ड क्वार्टरमध्ये डॉर्ममधला बेड पाच-सहाशे रुपयात मिळतो, रस्त्यावर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून फो, म्हणजे तिथलं नूडल्सचं सूप, खाल्लं की दीड-दोनशेत पोट भरतं, तिथं पन्नास डॉलर रोज उडवायचे म्हणजे कष्ट घ्यावे लागतील. आणि तेच पन्नास डॉलर झुरिकमध्ये नुसत्या बेडला पुरले तरी नशीब. नेपाळमध्ये तर हिशोबाची कटकटच नाही, आपला एक रुपया म्हणजे त्यांचा एक रुपया साठ पैसे, १९९३ पासून तोच रेट, व्हिसा नाही, पासपोर्टसुद्धा लागत नाही, मतदान कार्डावर काम होतं. मग वाटतं शेजारचा भूतान पण असाच असेल, तिथलं चलन तर आपल्या रुपयाच्या बरोबरीनंच चालतं. पण तिथं भारतीयांना दर रात्रीला १,२०० रुपये सरकारी फी आहे, हॉटेल-जेवण वेगळं. म्हणजे आठ रात्री राहिलात तर नुसत्या राहण्याच्या परवानगीचेच साडेनऊ हजार. जवळचं ते स्वस्त असं काही नसतं.

आणि जुन्या आकड्यांवर तर अजिबात विसंबू नका. जपानचा सात दिवसांचा रेल्वे पास २९,६५० येनला होता तो ऑक्टोबर २०२३ मध्ये एकदम ५०,००० येन झाला. त्याच्या आधी लिहिलेला जपानच्या बजेटचा कुठलाही लेख आता रद्दीत.

आता खरं दुखणं, पासपोर्ट. त्या फोटोतल्या पोराचा पासपोर्ट जर्मनीचा नाहीतर ऑस्ट्रेलियाचा असतो, तो बँकॉकमध्ये बसून ठरवतो की पुढच्या आठवड्यात रोमला जाऊ, तिकीट काढतो आणि जातो. त्याच्या बजेटमध्ये व्हिसा ही ओळ शेवटी कुठंतरी बारीक अक्षरात असते. माझ्या शीटमध्ये ती सगळ्यात वर आहे. सगळीकडंच वाईट नाही. व्हिएतनामचा ई-व्हिसा २५ डॉलरला घरबसल्या मिळतो आणि नव्वद दिवस चालतो, कझाकस्तान चौदा दिवस फुकट येऊ देतं, मलेशियानं डिसेंबर २०२३ पासून व्हिसा माफ केलाय. पण युरोप आला की दप्तर उघडावं लागतं.

शेंगेनची, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो, म्हणजे नऊ हजारांच्या पुढं, त्यावर व्हिसा सेंटरची सर्व्हिस फी वेगळी, आणि व्हिसा नाकारला तर एक छदाम परत नाही. किमान ३०,००० युरो कव्हरचा इन्शुरन्स पाहिजे. बोटांचे ठसे द्यायला मुंबई, म्हणजे रात्रीची लातूर-मुंबई एक्सप्रेस, सकाळी कुठंतरी तोंड धुवून कपडे बदलायचे, फाइल छातीशी धरून रांगेत उभं राहायचं आणि रात्री परत तीच गाडी. एक बरंय, ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात.

आणि मग ती फाइल. माझ्या मते आपल्याकडच्या बजेटचा सगळ्यात मोठा आकडा हा खर्चाचा नसतोच, तो दाखवायचा असतो. बँकेत अमुक इतके पैसे आहेत हे दाखवायचं आणि त्याला हात लावायचा नाही. ते महिनोन् महिने खात्यात शांत पडून पाहिजेत, आदल्या आठवड्यात कुणाकडून आणून भरले तर स्टेटमेंट बघणाऱ्याला लगेच कळतं. आमच्या चुलतभावानं अगदी मनापासून सुचवलं होतं, "तायडे, दोन लाख मी टाकतो, शिक्का मारून आण, मग परत दे." त्याचं मन मोठं, पण ट्रॅक्टरचं लोन काढताना चालणारी युक्ती इथं चालत नाही.

तर माझ्या फाइलीत काय काय होतं ते सांगते. तीन वर्षांचं आयटीआर, मी क्लासेससाठी मेडिकलच्या 'नीट' परीक्षेच्या टेस्ट सिरीजचे बायॉलॉजीचे पेपर काढते त्याची बिलं, बँकेचा शिक्का मारलेलं स्टेटमेंट. आणि एक एफडी. ही एफडी आई-आण्णांनी माझ्या लग्नासाठी म्हणून केली होती, माझ्याच नावावर, मी बारावीत असल्यापासून दर वेळी रिन्यू होत आलेली. लग्न काही झालं नाही, निदान अजून तरी, पण एफडीचं सर्टिफिकेट व्हिसाच्या फाइलला लागलं. आई म्हणाली, चला, कशाला तरी कामाला आली. तिच्या आवाजात टोमणा होता का कौतुक ते मी विचारलं नाही.

त्याच्या मागं सातबारा. हो, सातबारा. ही बाई परत येणार कशावरून, असा त्यांचा प्रश्न असतो, एकटी, तिशीतली, लग्न नाही, पगाराची नोकरी नाही, आमच्यासारख्यांवर त्यांचा पहिला संशय. मग मुळं दाखवावी लागतात. लातूरच्या एका ट्रान्सलेटरकडून मी सातबाऱ्याचं इंग्रजी करून घेतलं, गट नंबर, पोटखराबा, पीक पाहणीत खरीप सोयाबीन, रब्बी हरभरा, सगळं इंग्रजीत, पोटखराब्याला काय लिहायचं यावर त्या माणसाचा चांगला अर्धा तास गेला. गंमत म्हणजे त्या सातबाऱ्यावर माझं नाव नाही, आण्णांचं आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ पासून कायद्यानं आहे, पण तो विषय आमच्या ओसरीवर काढायचा म्हणजे वेगळं बजेट लागेल.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं तो मुद्दा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, त्याच्या आधी नाही. आणि तो साधारणपणे तुम्ही जिथं राहता त्या देशातूनच करावा लागतो, टुरिस्ट म्हणून बँकॉकमध्ये उतरून तिथल्या सेंटरला फाइल देता येत नाही. या दोन नियमांची बेरीज करा. जानेवारीत घर सोडलं, आशिया करत करत ऑक्टोबरमध्ये युरोपात पोचायचं ठरवलं, तर जानेवारीत तो व्हिसा काढता येत नाही आणि ऑगस्टमध्ये तुम्ही लाओसला असता. आधीचा मोठ्या मुदतीचा व्हिसा नसेल तर मधे घरी यावंच लागतं. इन्शुरन्सचंही तेच, आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅव्हल पॉलिसी एका ट्रिपला १८० दिवसांच्या आसपास थांबतात. म्हणजे ज्याला ते लोक वर्षभराची ट्रिप म्हणतात ती आपल्यासाठी कागदावरच दोन-तीन ट्रिपा होते, आणि ज्यानं शीटमध्ये मधल्या परतीच्या तिकिटाचे पैसे धरले नाहीत त्याचं शीट तिथंच फाटतं. राउंड द वर्ल्ड तिकिटं मिळतात ना, एकाच दिशेनं जायचं, अटलांटिक आणि पॅसिफिक दोन्ही ओलांडायचे, वर्षाच्या आत संपवायचं, ती ऐकायला भारी वाटतात, पण निघायच्या आधीच सगळे व्हिसे हातात असतील त्याच्यासाठी ती आहेत.

तुकड्यानं जाण्याचा एक फायदाही आहे आणि तो बजेटमध्ये धरावा. एप्रिल २०२४ मध्ये युरोपियन युनियननं भारतीयांसाठी नियम जरा सैल केला, तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नीट वापरले की पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री मिळू शकतो, त्यानंतर पाच वर्षांचा. म्हणजे पहिल्या दोन छोट्या ट्रिपा ही एक प्रकारची गुंतवणूक झाली. अमेरिकेच्या व्हिसाचंही तसंच, फी १८५ डॉलर, ऐकून छातीत धस्स होतं, पण टुरिस्ट व्हिसा सहसा दहा वर्षांचा मिळतो आणि तो पासपोर्टवर असला की मेक्सिकोला वेगळा व्हिसा लागत नाही, जॉर्जियासारखे देशही त्यावर आत घेतात. तो खर्च एका ट्रिपच्या नावावर टाकला तर महाग, दहा वर्षांवर वाटून टाकला तर काहीच नाही. माझ्या शीटमध्ये असे खर्च वेगळ्या पानावर आहेत. त्याच पानावर पासपोर्टही, छत्तीस पानांचा १,५०० ला आणि साठ पानांचा २,००० ला, पाचशे रुपयांसाठी छत्तीसवाला घेऊ नका, एकेक देश अख्खं पान खातो.

इब्न बतूता आठवतो मला अशा वेळी, चौदाव्या शतकातला मोरोक्कोचा प्रवासी. १३२५ मध्ये टँजियरहून निघाला आणि फिरत फिरत आपल्या दौलताबादलाही येऊन गेला, इथल्या द्राक्षं-डाळिंबांचं कौतुक लिहून ठेवलंय त्यानं, आणि किल्ल्यातल्या तुरुंगात मांजराहून मोठे उंदीर असल्याचंही. पण मला त्याच्यात रस आहे तो पैशासाठी. तो काही पिशवी भरून निघाला नव्हता. वाटेत राजे-सुलतान भेट देत, दिल्लीत तुघलकानं त्याला काझी केलं, मग पगार, आणि पगार असून अंगावर कर्ज, ते पण सुलतानानंच फेडलं. कमवायचं, उडवायचं, अडकायचं, परत निघायचं. एकरकमी बजेट त्याचंही नव्हतं.

आता तुघलक नाही, पण तशा सोयी आहेत थोड्या. १९७१ मध्ये इंग्लंडात सुरू झालेली वूफिंगची पद्धत आता कितीतरी देशांत आहे, सेंद्रिय शेतावर दिवसातले काही तास काम करायचं, राहणं-जेवण फुकट. आण्णांना हे सांगितलं तर ते इतके हसले की ठसका लागला, "खुरपायला परदेशात जायलीस? इथं रोजानं बाई मिळंना." बरोबरच आहे म्हणा. आणि एक लक्षात ठेवा, टुरिस्ट व्हिसावर असलं काम चालतं का नाही ते त्या त्या देशाच्या नियमात बघावं लागतं, फुकट काम म्हणजे काम नाही असं सगळे मानत नाहीत. ऑस्ट्रेलियानं २०२४ पासून भारतीयांसाठी वर्षाला एक हजार जागांचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा सुरू केलाय, त्यात रीतसर कमवत फिरता येतं, पण लॉटरी आहे आणि वय अठरा ते तीस. माझी गाडी गेली. तुमच्यात कुणी पंचविशीतलं असेल तर बघा.

सलग वर्षभर जाता येत नाही याचं मला आधी वाईट वाटायचं, आता फारसं वाटत नाही, कारण आमच्याकडं पैशाचं वर्ष तसंही सलग नसतंच. मे महिन्यात नीटची परीक्षा झाली की क्लासेसचं माझं काम थंडावतं, पावसाळा सरत आला की टेस्ट सिरीज परत जोरात. आण्णांचा पैसा सोयाबीन निघाल्यावर एकदा आणि हरभऱ्याला एकदा. आमच्या गावातून दिवाळीच्या आगेमागे कोयते घेऊन बिऱ्हाडं साखर कारखान्याला जातात, मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, फडावर कोपीत सहा महिने काढायचे आणि उन्हाळ्यात परत. ते जाणं पोटासाठी आणि माझं हौसेसाठी, या दोन गोष्टी एका तागडीत टाकायची माझी हिंमत नाही. पण शाळेतल्या माझ्या बाकावरची पोरगी दर दिवाळीला गायब व्हायची, हे आठवलं की पन्नास डॉलरवाल्यांचं नोकरी सोडून जगायला निघालो वगैरे वाचायला मला फार वेळ जमत नाही.

खाण्याबद्दल लिहिते, कारण तिथं खरंच पैसे वाचतात. हॉस्टेल निवडताना मी आता वायफाय-बियफाय नंतर बघते, आधी किचन आहे का बघते. माझ्या सॅकमध्ये येसर असतं. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने आणि खडा मसाला भाजून दळलेलं पीठ, लग्नातली येसर आमटी यावरच होते. अर्धा किलोची पिशवी कितीतरी दिवस पुरते. अल्माटीच्या ग्रीन बाजारमधून कांदे-लसूण आणि तंदूरवरचा गोल नान आणला, हॉस्टेलच्या किचनमध्ये फोडणी दिली, येसर आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं, थेट उकळत्यात टाकलं की गुठळ्या झाल्याच. ती आमटी उकळायला लागली तसा वास सगळ्या जिन्यात गेला आणि सायकलवर फिरणारा एक फ्रेंच म्हातारा वाटी घेऊन आला. न विचारता, आपलीच वाटी घेऊन. त्याला तिखट लागलं, नाक पुसत पुसत दोनदा घेतली, आणि जाताना त्याच्याकडं उरलेलं अर्धं चीज मला देऊन गेला, ते मी पुढं तीन जेवणं पुरवलं. नान आणि आमटी कुस्करून खाताना मला औरंगाबादचा नानखलिया आठवत होता, आता संभाजीनगर म्हणायचं, पण नानखलिया अजून औरंगाबादीच म्हणतात लोक. एक सावधगिरी, ऑस्ट्रेलियासारख्या देशात खायचं काहीही नेलं तर फॉर्मवर लिहून दाखवायचं, लपवलं तर दंड येसरच्या शंभर पिशव्यांइतका.

पाण्याचं आम्हाला कुणी शिकवू नये. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आमचं लातूर. काही कॅम्पसाइटवर नाणं टाकून शॉवर असतो, चार मिनिटं पाणी. माझी अंघोळ अडीच मिनिटांत होते, उरलेल्या वेळात पायमोजे धुते.

जिथं मी पैसे वाचवत नाही ती ओळ माझ्या शीटमध्ये "भीती" या नावानंच आहे. रात्रीच्या बसनं गेलं की हॉटेलचं भाडं वाचतं हा सगळ्या लेखांमधला आवडता सल्ला, पण ती बस पहाटे साडेतीनला अनोळखी स्टँडवर उतरवते तेव्हा पोरगा बाकड्यावर झोपू शकतो, मी नाही. मग दिवसाची बस, एक रात्र जास्त. फिमेल डॉर्मला थोडे जास्त. अंधार पडल्यावर चालत जाण्यासारख्या अंतराला पण टॅक्सी. एकट्या बाईचं बजेट पुरुषापेक्षा जास्त असतं आणि हे आधीच धरावं, नाहीतर वाटेत दहा डॉलर वाचवायच्या नादात नको तिथं हिंमत दाखवली जाते.

तिकिटांचा खर्च पण लोक विसरतात. वेरूळला मी लहानपणापासून जातेय, आपल्याला चाळीस रुपये आणि परदेशी माणसाला सहाशे, त्या रांगेत उभ्या गोऱ्यांकडं बघून कधी काही वाटलं नव्हतं. मग अंगकोरला गेले, एका दिवसाचं तिकीट ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२, आणि कंबोडियातली माणसं शेजारून फुकट आत. म्हणजे आता परदेशी मी. बरोबरच आहे, त्यांचं देऊळ आहे. पण जिथं रोजचा खर्च पंधरा डॉलर धरलाय तिथं असा एक दिवस आला की आठवड्याची सरासरी बिघडते, म्हणून अशी मोठी तिकिटं रोजच्या खर्चात धरूच नका, वेगळी लिहा.

पैसे न्यायचं तंत्र थोडक्यात. साधं डेबिट-क्रेडिट कार्ड परदेशात घासलं की बहुतेक बँका साडेतीन टक्क्यांच्या आसपास मार्कअप, म्हणजे जादा आकार, लावतात, वर त्यावर जीएसटी, त्यामुळं मार्कअप नसलेलं एखादं कार्ड निघायच्या दोन महिने आधी काढून ठेवा. थायलंडमधलं एटीएम परदेशी कार्डाला दर वेळी दोनशेच्या वर बाट फी लावतं, म्हणून थोडे थोडे नाही, एकदम काढायचे. आणि एटीएम किंवा दुकानातलं मशीन विचारतं, रुपयात कापू का? नको म्हणायचं. रुपया दिसला की जीव भांड्यात पडतो पण रेट त्यांचा असतो, तिथल्याच चलनात कापू द्यायचं. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेता येतात, ती मर्यादा आपल्याला काय बोचणार. टीसीएस, म्हणजे पैसे बाहेर नेताना आगाऊ कापला जाणारा टॅक्स, म्हणून जी आरडाओरड होते ती पण आपल्यासाठी फारशी नाही, एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांच्या आत स्वतः पैसे नेले तर तो लागत नाही, टूर पॅकेज घेतलं तर मात्र पहिल्या रुपयापासून, आणि तोही रिटर्न भरताना जुळवून घेता येतो. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतले यलो फीवर असलेले देश शीटमध्ये असतील तर त्याची लस धरा, ती गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, ठराविक सरकारमान्य केंद्रांवरच. सर्टिफिकेट नसताना तिकडून परत आलात तर इकडं विमानतळावरून सहा दिवस क्वारंटाइन.

आणि शेवटची दोन पानं घराची. ही मी बाहेरच्या कुठल्या शीटमध्ये बघितली नाहीत. पहिलं पान, मी नसताना घराला लागतील ते पैसे. आण्णांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, विजेचं बिल, आणि एक रक्कम अशी की रात्री फोन आला तर मिळेल ते विमान धरून घरी यायला पुरेल, कुठूनही. ती रक्कम मी ज्या देशात असेन तिथल्या एकेरी तिकिटाच्या दुप्पट धरते, आयत्या वेळचं तिकीट तेवढंच पडतं. दुसरं पान, परत आल्यावरचे तीन-चार महिने. पेपरचं काम लगेच मिळतं असं नाही, मिळालं तरी क्लासवाले बिल दोन महिन्यांनी देतात. हे दोन्ही काढून ठेवल्यावर जे उरतं तेवढीच ट्रिप. सोळा लाख कधीच नव्हते, पण या पद्धतीनं एका तुकड्याला अडीच-तीन लाख लागतात आणि तेवढे दीड-दोन वर्षांत साठतात. आण्णांच्या भाषेत पन्नास-पंचावन्न क्विंटल. ते म्हणाले, "मग जमतंय की," आणि हरभऱ्याला पाणी द्यायला गेले.

पुढचा तुकडा जॉर्जिया-आर्मेनिया आणि तिथून शेंगेन मिळालं तर ग्रीस. तिकडं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जावं, गर्दी ओसरते, बेड आणि फेरीबोटी दोन्ही स्वस्त होतात. पण आईची अट आहे, महालक्ष्म्यांच्या आत घरी. आमच्याकडं दिवाळी एक वेळ चुकली तर चालेल, भाद्रपदातल्या लक्ष्म्या नाही, मुखवटे बसवायला आणि सोळा भाज्या चिरायला मी पाहिजेच. म्हणजे जून ते ऑगस्ट, ऐन सीझन, सगळं महाग. दोन्ही तारखांचे भाव काढून मी फरक बघितला, बऱ्यापैकी आहे. तो शीटमध्ये वेगळ्या ओळीत टाकलाय, ओळीला नाव दिलंय "लक्ष्म्या", आणि ते शीट आईला दाखवलेलं नाही.